तेरावा थर

दीपगृह बघायला येणारी माणसं हल्ली माझ्याकडेही डोकावतात, कारण त्या बांधकामावर राबलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे. येतात आणि विचारतात काय, तर दिवा किती लांबून दिसतो. मला राग येतो. दिव्याचं काय, काच आणली, बसवली, तेल घातलं, लागला. तो दिवा जिथे आहे ती जागा कशी उभी राहिली, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. किनाऱ्यापासून बोटीने तीन तास लांब, दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा एक खडक, आणि त्यावर बहात्तर थरांचा दगडी मनोरा. म्हणून आता मी कोणी विचारायची वाटच बघत नाही, आपणहून सांगायला घेते. ऐकायचं तर ऐका, नाहीतर दिवा तिकडे आहे.

माझे बाबा त्या कामाचे मुख्य मिस्त्री. दगड खडकावर घडवत नव्हते, तेवढा वेळ समुद्र कुणाला देतो? दगड घडायचे इकडे किनाऱ्यावर, आमच्या आवारात. पत्र्याच्या दोन लांब छपऱ्यांखाली चाळीस माणसं दिवसभर छन्नी चालवायची, आणि संध्याकाळी बाहेर पडताना बाप कोण आणि मुलगा कोण हे ओळखू येऊ नये इतकी सगळी पांढरी झालेली असायची. छपऱ्यांच्या मधोमध मनोऱ्याच्या बुंध्याएवढा गोल ओटा होता. प्रत्येक थर आधी त्या ओट्यावर चुन्याशिवाय रचून बघायचा. एका दगडाला पंख्यासारखी जीभ, शेजारच्याला तशीच खाच. एकात एक गुंतले की मधला दगड बाहेर ओढून निघायचा नाही, वरच उचलावा लागायचा. सगळा थर जुळला की माझं काम सुरू. मी रंगाचा डबा घेऊन ओट्यावर चढायची आणि प्रत्येक दगडावर थराचा आकडा, दगडाचा आकडा आणि मनोऱ्याच्या मध्याकडे तोंड केलेला बाण काढायची. मग थर उलगडायचा, आणि खडकावर जो दगड पहिला लागणार तो बोटीत शेवटी चढायचा.

हे काम माझ्याकडे आलं ते मी फार हुशार म्हणून नाही. दुसऱ्या कोणाच्या आकड्यावर बाबांचा विश्वास नव्हता. माझ्यावर तरी कुठे होता? मी रंगवलेला प्रत्येक आकडा ते पुन्हा बघायचे, रंग वाळला की नाही हे बोट लावून बघायचे, आणि बोटाला रंग लागला की माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच दगड ओला केला. घरी मी दाराला कडी लावली की ते उठून ती कडी हलवून बघणार. आई असतानाही हेच होतं. ती म्हणायची, या माणसाला स्वतःचा श्वाससुद्धा दोनदा घेतल्याशिवाय पटत नाही.

माझा नवरा आवारात आला तो पहिल्याच हंगामात. आधी तो धान्य दळायची जाती घडवायचा, म्हणून आल्या दिवसापासून त्याचं नाव पडलं जातेवाला. त्याचा हात चांगला होता. इतका चांगला की बाबांना दोष काढता येईना, आणि दोष काढता आला नाही की बाबांचा पारा चढायचा. ते म्हणायचे, जात्याचा दगड फिरण्यासाठी असतो, माझा दगड न फिरण्यासाठी, याला ते आयुष्यात कळायचं नाही. जातेवाला ऐकून घ्यायचा, हसायचा आणि छन्नी उचलायचा. त्या हसण्यावरच माझं मन गेलं असावं. मी घरी सांगून टाकलं की लग्न करीन तर याच्याशी. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बरं म्हणाले. मात्र त्या 'बरं'मध्ये काही जीव नव्हता.

लग्नानंतर एक वेगळीच अडचण उभी राहिली. आवारात वर्षभर 'ए, तो दगड इकडे वळव' म्हणत आलेल्या माणसाला मी काही 'अहो' म्हणू शकले नाही. आमचं अरे-तुरेच राहिलं. बाबांना आता जावयाला 'अरे' म्हणणं शोभेना आणि 'अहो' म्हणायला जीभ वळेना. त्यांनी यावर तोडगा काढला तो असा, की त्याला हाक मारणंच सोडलं. 'त्या कोपऱ्यातल्या माणसाला सांगा', 'छन्नीवाल्याला सांगा', असं चालायचं. दीड वर्ष एका छपरीखाली काम केलं, एका घरात जेवले, आणि एकदाही हाक नाही. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण हेही खरं सांगते, की नवरा म्हणून तो मला मनापासून पसंत होता, आणि दगडाच्या बाबतीत मी माझ्या बाबांची मुलगी होते. त्याने काही घडवलं की माझीही नजर आधी बाबांच्या तोंडाकडे जायची.

आता एक शब्द सांगते, कारण पुढचं सगळं त्या शब्दावर आहे. दगड जागेवर ठेवला आणि जुळला, की आवारातला कोणीही म्हणायचा, बसला. सगळीकडे असंच म्हणतात. बाबांना हे चालायचं नाही. ते म्हणायचे, ठेवला. खडकावर गेल्यावर, चुन्यात टेकवल्यावरही ठेवलाच. दोन भरत्या वरून गेल्या, आणि मग कागदाएवढी पातळ पोलादी पट्टी चारी सांध्यांवरून फिरवली आणि ती कुठेच शिरली नाही, की मग ते म्हणायचे, बसला. अख्ख्या थराला तर एक दणकून वादळ सोसल्याशिवाय ते 'बसला' म्हणायचेच नाहीत. आवारातले लोक याची टिंगल करायचे. दुपारी डबे उघडताना कोणीतरी विचारायचा, मिस्त्री, आम्ही जेवायला बसलो म्हणायचं की ठेवलो? बाबा शांतपणे सांगायचे, पोट भरल्यावर ठरवू.

तिसऱ्या हंगामात मनोरा तेराव्या थरापर्यंत आला. बाबा, माझा नवरा आणि आणखी वीस माणसं खडकावर मुक्कामाला होती. मनोऱ्याशेजारी लोखंडी पायांवर एक लाकडी खोली उभारली होती, तिला सगळे खुराडं म्हणायचे, कारण आत माणसं तशीच कोंबलेली असायची. तेरावा थर लावून झाल्याची खबर आली, आणि लगेच वादळ आलं. तीन दिवस आणि तीन रात्री. किनाऱ्यावरून खडकाच्या दिशेला नुसती पांढरी धूळ उडाल्यासारखं पाणी दिसायचं. मी आवारात पंधराव्या थराचे आकडे रंगवत होते आणि दर थोड्या वेळाने हात थांबायचा. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तेव्हा मला नीट कळलं.

पाचव्या दिवशी बोट गेली. लाटा एवढ्या होत्या की खडकाला लागता आलं नाही. खुराड्यातून दोर फेकला, दोराला पत्र्याची डबी, डबीत चिठ्ठी, एवढं घेऊन कप्तान परतला. संध्याकाळ व्हायची होती. मला बांधकामाच्या इंजिनियर साहेबांच्या खोलीत बोलावलं होतं ते चिठ्ठीसाठी नाही, चौदाव्या थराच्या दगडांची यादी घेऊन ये म्हणून. दगड धक्क्यावर तयार होते, आठ तर बोटीच्या तळात चढलेही होते.

साहेबांची खोली नकाशे काढायच्या माळ्याला लागून होती. मोठं उतरतं टेबल, त्यावर पितळी वजनांनी दाबलेले कागद, आणि समुद्राकडे एक खिडकी. साहेब पुस्तकातून शिकलेले असले तरी ऐकून घेणारे होते, हे त्यांच्याबद्दल मी नेहमीच सांगते. त्यांच्याजवळ कारकून उभा होता आणि दाराशी कप्तान, अंगातून पाणी गळत असलेला. कारकुनाने चिठ्ठी वाचली. पेन्सिलीच्या दोन ओळी होत्या. तेरावा थर बसला. बोट लवकर पाठवा.

कारकून हळूच म्हणाला, म्हणजे खचला. कप्तान म्हणाला की खचला असं लिहिलेलं नाही, बसला लिहिलंय. त्यावर कारकुनाने त्याला विचारलं, पुरात घर बसलं म्हणतात तेव्हा घराचं काय झालेलं असतं? साहेबांनी कप्तानाला विचारलं, तुम्हाला काय दिसलं? कप्तान म्हणाला, मनोरा उभा दिसला, पण दोन बोटं खाली गेला असेल तर ते त्या लाटांमधून मला काय, कोणालाच दिसलं नसतं.

साहेब खुर्चीत बसले. त्यांना घाबरायला कारण होतं. त्या खडकाला पश्चिमेच्या अंगाला एक जुनी भेग होती. दहा वर्षांपूर्वी त्याच खडकावर लोखंडी खांबांचं दीपगृह उभारलं होतं, ते एका रात्रीत गेलं. वरच्या ऑफिसातून साहेबांना आधीच बजावलेलं होतं की थर जरा जरी हलला तरी माणसं उतरवून घ्या आणि काम बंद करा. बोट एकच होती. समुद्र शांत राहणार होता फार तर दोन दिवस, मग तीन आठवडे कोणी तिकडे फिरकू शकलं नसतं. बोट रिकामी गेली तर बावीस माणसं उतरवता येणार होती. दगड घेऊन गेली तर माणसांना जागा नव्हती. नुसतं विचारून यायचं म्हटलं तर तेवढ्यातच एक दिवस संपत होता. माणसं उतरवली तर तेराव्या थराच्या डोक्यावरच्या खाचा उघड्या राहणार, पुढच्या वादळात पाणी त्यांत शिरणार आणि तीन वर्षांचं काम समुद्रात जाणार. दगड पाठवले आणि थर खरंच खचलेला असला, तर खचत्या मनोऱ्यावर आणखी ओझं चढणार आणि माझी दोन माणसं त्याच्या शेजारी त्या खुराड्यात बसून राहणार.

साहेबांनी कारकुनाच्या हातून चिठ्ठी घेऊन स्वतः वाचली. मग त्यांनी कप्तानाला सांगितलं की चढवलेले आठ दगड उतरवा, पहाटे बोट रिकामी जाईल.

यादी हातात तशीच होती. पण आता राहवेना. मी म्हटलं, "साहेब, बसला हा शब्द बाबांचा आहे. ते खचला या अर्थाने तो कधीच वापरत नाहीत."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ठेवला आणि बसला यांतला फरक, दोन भरत्या, पोलादी पट्टी, वादळ. वादळाआधीच्या खबरेत बाबांनी 'तेरावा थर लावून झाला' असंच कळवलं होतं, बसला म्हटलं नव्हतं, हेही दाखवलं. वादळ वरून गेलं, सांधे तपासले, आणि आता ते म्हणतायत बसला. बोट लवकर पाठवा म्हणजे चौदावा लावायला घेऊ, एवढाच याचा अर्थ. कारकून म्हणाला की असा शब्दांचा कीस पाडून बावीस माणसांचा जीव धोक्यात घालता येत नाही. त्याचंही चुकीचं नव्हतं. त्याचा भाऊ त्या बावीसांत होता.

साहेबांनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "अक्षर तर खडकावरच्या आचाऱ्याचं आहे. मग हा शब्द मिस्त्रींचा कशावरून?"

"बाबांना लिहिता येत नाही, साहेब. नेहमी आचारीच लिहितो. पण थराबद्दल खडकावरून दुसरं कोणी काही कळवणार नाही. बाबा कळवू देणारच नाहीत."

"आणि दुसऱ्या कोणी कळवलं असलं तर?"

मी खोटं बोलले नाही. विचार केला आणि सांगितलं, "तर मग मला काही सांगता येत नाही. बोट रिकामी न्या."

साहेब उठून खिडकीशी गेले. तिथूनच त्यांनी विचारलं, तिथे तुझे वडील आहेत आणि नवराही आहे, हे लक्षात घेऊन बोलतेस ना? मी म्हटलं, तेच लक्षात घेऊन बोलतेय. मग ते वळले आणि कप्तानाला म्हणाले, उरलेले दगडही चढवा.

पहाटे बोट गेली. दिवसभर मी रंगाचा डबा घेऊन ओट्यावर बसले होते. बाबांचा शब्द मी ओळखते, याची मला रात्री खात्री होती, पण उजाडल्यावर ती थोडी उतरली, आणि दुपारपर्यंत माझ्याजवळ तिचा कणभरही उरला नाही. आचाऱ्याने स्वतःच्या मनाने लिहिलं असेल तर? बाबा पाण्यात गेले असतील आणि उरलेल्यांनी घाबरून लिहिलं असेल तर? मग मी स्वतःच्या तोंडाने त्यांची सुटका परत फिरवली होती. त्या दिवशी मी पंधराव्या थराच्या एका दगडावर तेराचा आकडा काढला. एवढ्या वर्षांत पहिली चूक. पुन्हा तपासायला बाबा नव्हते. ती माझ्याच लक्षात आली, तेही दुसऱ्या दिवशी.

संध्याकाळी बोट दिसली आणि पाण्यावर उंच तरंगताना दिसली, म्हणजे तळ रिकामा. दगड खडकावर उतरले होते. कप्तान धक्क्यावर पाय ठेवण्याआधीच म्हणाला, घेतले, सगळे सव्वीस घेतले, आणि माझ्या डोळ्यांसमोर पहिले दोन लावलेही. कारकून माझ्याजवळ आला, आणि माझ्या हातातला डबा घेऊन त्याने खाली ठेवला. मी तिथेच एका दगडावर बसून पोटभर रडले. कोणी हसलं नाही.

हंगाम संपायला त्यानंतर पाच आठवडे लागले. बोटीच्या आणखी फेऱ्या झाल्या, चौदावा लागला, पंधरावा लागला. शेवटच्या फेरीला माणसं परत आली. सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या, ओठ फुटलेले, आणि जमिनीवर पाय ठेवल्यावर सगळेच थोडे झुलत होते. बाबा फार वाळले होते. मी पुढे झाले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "अहो, ती पेटी जरा सांभाळून उतरवा."

हे त्यांनी माझ्या नवऱ्याला म्हटलं होतं. आवारातली निम्मी माणसं धक्क्यावर होती आणि सगळ्यांनी वळून बघितलं. नवऱ्याने पेटी सांभाळून उतरवली. मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले, पण घरी जाईपर्यंत मला कोणी काही सांगितलं नाही.

घरी पाणी तापवलं होतं. बाबा आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. नवरा उंबऱ्याशी बसून बुटांचे बंद सोडत होता. मिठाने ते दगडासारखे कडक झाले होते. खाली मान घालूनच तो म्हणाला, कप्तानाने दगड उतरवता उतरवता मला थोडक्यात सांगितलं. तू साहेबांपुढे उभी राहिलीस म्हणे. चिठ्ठीत नाव नव्हतं, आणि तरीही तू म्हणालीस की हा शब्द खरा आहे, बसला म्हणजे बसला. मी म्हटलं हो. वाटलं बाबांचा शब्द मी ओळखला याचं तो कौतुक करतोय. मग त्याने मान वर केली. त्याचा चेहरा मी आजवर तसा बघितला नव्हता, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

"मी तर आचाऱ्याला म्हणत होतो, खाली माझं नाव लिही," तो म्हणाला. "त्याने आळस केला. आणि तू तरी ओळखलंस."

हातातला तांब्या मी खाली ठेवला. मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. वादळाच्या पहिल्याच रात्री बाबांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी ते बडबडायला लागले, माणसं ओळखेनात. वादळ उतरल्यावर त्याने बाबांच्या पेटीतून पट्टी काढली, कमरेला दोर बांधला आणि मनोऱ्यावर गेला. एका ओहोटीत निम्मे सांधे झाले, उरलेले दुसऱ्या ओहोटीत. सव्वीस दगड, वरून लाटांचं पाणी चालूच. पट्टी कुठेच शिरली नाही. मग त्याने येऊन आचाऱ्याला सांगितलं, लिही, तेरावा थर बसला, मिस्त्री म्हणतात तसा बसला. आचाऱ्याने निम्मंच लिहिलं, कारण कागद ओला होता आणि त्याला लिहिण्याचा कंटाळा. बोट लवकर पाठवा हे चौदाव्या थरासाठी नव्हतंच. ते बाबांच्या औषधासाठी होतं. बोट आली तेव्हा कप्तानाच्या पेटीतल्या पुड्या कामी आल्या, बाबा शुद्धीवर होते पण खाली उतरायला तयार नव्हते, आणि घरी एक चकार शब्द सांगायचा नाही अशी त्यांनी सगळ्यांना तंबी दिली.

मी उठले आणि आतल्या खोलीच्या दारात गेले. बाबा जागे होते. मी विचारलं, खरं का हे? ते म्हणाले, ताप होता, आठ दिवस. मी म्हटलं, मग उठल्यावर तुम्ही पुन्हा पट्टी फिरवून बघितली असेल.

"नाही," बाबा म्हणाले. "त्यांनी फिरवली होती ना."

दाराची कडी दोनदा हलवून बघणारा माझा बाप. आणि त्याच्या तोंडून हे. त्या थरावर पुढचे एकोणसाठ थर चढणार होते, आणि त्यांनी तो बघितलाही नव्हता. आणि मी? मी साहेबांना स्वच्छ सांगितलं होतं की शब्द दुसऱ्या कोणाचा असेल तर बोट रिकामी न्या. तो दुसरा कोणी आत्ता माझ्या उंबऱ्यावर बसला होता. बोट रिकामी गेली असती तर मनोरा राहिला नसता, हे मला तेव्हाच समजलं. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की चिठ्ठीखाली त्याचं नाव असतं, तर मी त्याच्या विरुद्ध बोलले असते. नाव वाचून. आचाऱ्याच्या आळसाने मला वाचवलं होतं.

मी बाहेर आले. नवऱ्याने एक बूट काढला होता, दुसरा तसाच होता. त्याने विचारलं, "पण खरं सांग, तू कसं ओळखलंस?"

"नवऱ्याचा शब्द ओळखायला काय लागतं," मी म्हटलं, आणि खाली बसून त्याच्या दुसऱ्या बुटाचा बंद सोडायला लागले.

दार उघडं होतं. आत बाबांना सगळं ऐकू येत होतं, आणि माझ्या बोलण्यातलं खरं-खोटं त्यांना माझ्याआधी कळायचं. ते काही तरी बोलतील म्हणून मी बंद सोडता सोडता वाट बघत राहिले. ते बोलले नाहीत. पुढेही कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

मनोरा आणखी सहा वर्षांनी पुरा झाला. बाबांनी दिवा लागलेला पाहिला. त्यांच्यामागे मिस्त्री माझा नवरा झाला, आणि हाताखालच्या माणसांना ठेवला आणि बसला यातला फरक तोच समजावत बसायचा, अगदी बाबांसारखी कपाळाला आठी घालून. तो गेल्याला आता सात वर्षं झाली. ही चिठ्ठीची गोष्ट त्याने आयुष्यभर सगळ्यांना सांगितली. नातवंडांना मांडीवर घेऊन सांगायचा, नाव नव्हतं गाव नव्हतं, तुमच्या आजीने मला नुसत्या एका शब्दावरून ओळखलं. पोरं माझ्याकडे बघायची आणि मी मान डोलवायची.

ओळखलं नव्हतं. ओळखायला हवं होतं.